ओळखीच्या पुण्यात पायी फिरण्यासाठी पुस्तक कोणते घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्म पुण्यातला, नोकरीची तीस वर्षेही इथेच गेली, आता सकाळचे दोन-तीन तास मोकळे असतात आणि शहर पेठेपेठेने पायी पाहण्याची इच्छा आहे. मात्र दुकानात विचारले की पुढे येतात ती ‘पुणे दर्शन’ छापाची पुस्तके, ज्यांत शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, आगाखान पॅलेस आणि सिंहगड यांपलीकडे फारसे काही नसते. शहर आधीच माहीत असलेल्या माणसाने पायी फिरताना हाताशी कोणते पुस्तक ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे रविवारी सकाळी लहानलहान गटांना पेठांतून फिरवत आलो आहे आणि फेरी संपल्यावर चहा घेताना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी निराशेची गोष्ट सांगून टाकतो. पुण्याच्या पेठांचे सगळे मार्ग, नकाशे, वळणे आणि अंतरे देणारे, एका हातात धरून दुसऱ्या हातात छत्री घेऊन चालता येईल असे एकच पुस्तक मी कोणालाही खात्रीने सुचवू शकत नाही. असे पुस्तक कसे असावे हे पाहायचे असेल तर मुंबईकडे पाहावे लागते. शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांचे ‘फोर्ट वॉक्स’ हे १९९९ साली निघालेले इंग्रजी पुस्तक फोर्ट भागापुरतेच मर्यादित आहे आणि तीच त्याची ताकद आहे, कारण क्षेत्र लहान घेतले की लेखकाला प्रत्येक इमारतीपाशी थांबता येते. पुण्यात आपल्याला तीन-चार वेगवेगळ्या जातीची पुस्तके एकत्र करून आपले पुस्तक आपणच जुळवावे लागेल. हे काम वाटते तितके अवघड नाही, आणि खरे सांगायचे तर परगावच्या पाहुण्यापेक्षा आपल्यासारख्याला त्यातच अधिक लाभ आहे. पाहुण्याला पुस्तकाने कुठे जायचे ते सांगायचे असते. आपल्याला कुठे काय आहे हे ठाऊकच आहे. आपल्याला हवे ते आपल्या माहितीशी भांडणारे पुस्तक.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा मी सर्वांना सांगतो. शनिवारवाड्याचे पान उघडू नका. ते सगळ्याच पुस्तकांत बरे असते. आपण ज्या गल्लीत वाढलात तिचे पान शोधा. तिचा उल्लेखच नसेल तर त्या पुस्तकाचा आवाका कळला. उल्लेख असेल तर तीन गोष्टी पाहा: आपल्याला ठाऊक नसलेले निदान एक वाक्य तिथे आहे काय, आपल्याला ठाऊक असलेले एखादे वाक्य चुकीचे छापले आहे काय, आणि लेखक स्वतः तिथे उभा राहिल्याची काही खूण दिसते काय. ही खूण लपत नाही. ‘मंदिराचे कोरीवकाम अप्रतिम आहे’ असे घरी बसूनही लिहिता येते. ‘दारासमोर उभे राहून मान वर केली की’ असे वाक्य सुरू करणारा माणूस तिथे गेलेला असतो.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर या परीक्षेसाठी उत्तम आहे, कारण ते जवळजवळ सगळ्याच पुस्तकांत असते आणि बहुतेकांत दोन ओळींत उरकलेले असते. तीन सोंडांची, मोरावर बसलेली मूर्ती, अठराव्या शतकातले गोसाव्यांचे मंदिर, काळ्या दगडातले शिल्पकाम, इतके सांगून पुस्तक पुढे जाते. प्रत्यक्षात पाहण्याचा ऐवज दर्शनी भिंतीवर आहे. गल्ली अरुंद असल्यामुळे मागे सरकायला जागा नसते, म्हणून माणूस थेट आत जातो आणि भिंत तशीच राहून जाते. तिथे गोऱ्या शिपायांनी साखळदंडाने जखडलेला गेंडा कोरलेला आहे. पुण्यात गेंडा कुठून आला, हा प्रश्न पडायलाच हवा. बंगाल आणि त्यापलीकडचा पूर्वेचा मुलूख इंग्रजांच्या मुठीत गेल्याचे ते रूपक आहे, असा अर्थ लावला जातो. तो मान्य करा किंवा करू नका, पण शनिवारवाड्यावर अजून पेशव्यांचे निशाण फडकत होते त्या काळात इथला एक पाथरवट टोपीकराला मंदिराच्या भिंतीवर कोरत होता, ही गोष्ट त्या भिंतीसमोर दहा मिनिटे थांबल्याशिवाय अंगावर येत नाही. आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. ज्या पुस्तकात गेंडा नाही आणि फारसी लेखही नाही, ते खाली ठेवावे.

आता पुस्तकांकडे वळतो, आणि जुन्यापासून सुरुवात करतो, कारण माझा अनुभव असा की ओळखीच्या शहरात सर्वांत जुने पुस्तक सर्वांत उपयोगी पडते. मुंबईचे गोविंद नारायण माडगावकरांनी लिहिलेले ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६८ साली, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ निघाले. पेशवाई जाऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, म्हणजे ती पाहिलेली म्हातारी माणसे अजून हयात होती आणि रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. भाषा जुनी आहे, अनुस्वारांची गर्दी आहे, परंतु दहा पाने वाचली की डोळे सरावतात. हे पुस्तक घेऊन चालताना रस्ता सापडत नाही, ही त्याची उणीव मानू नये. त्यात लिहिलेले आणि समोर दिसणारे यांत जिथे जिथे फारकत पडते तिथे तिथे थांबायचे आणि काय झाले ते शोधायचे. चालण्याचे कारणच ते आहे.

दुसरे पुस्तक मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचा, पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड, त्याचा तिसरा भाग, १८८५ सालचा. तो इंग्रजीत आहे, महाजालावर फुकट वाचायला मिळतो, आणि सरकारी असल्यामुळे लोक त्याला उगाच घाबरतात. पुणे शहराच्या प्रकरणात पेठांचे एकेक करून वर्णन आहे: पेठ किती लांब-रुंद, वस्ती किती, कोण राहते, ठळक वास्तू कोणत्या. पेठांची जुनी नावेही तिथे भेटतात. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. ही नावे पाठ करून ठेवा. एखाद्या जुन्या कागदात ‘वेताळ पेठ’ आली की अडणार नाही. माझा सल्ला असा की एका वेळी एकाच पेठेची पाने छापून घ्यावीत, घडी घालून खिशात ठेवावीत आणि समासात आपल्या खुणा कराव्यात. जाड ग्रंथ बरोबर नेणारा माणूस तो पिशवीतून बाहेर काढत नाही.

तिसरा प्रकार संशोधनाचा. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९४०च्या दशकात ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या नावाने खंड प्रसिद्ध केले. त्यांत वाडे, देवळे, घराणी, कागदपत्रे यांवरची टिपणे आहेत. सलग वाचण्याचा हा मजकूर नव्हे. आपण ज्या वाड्यासमोर उभे होतो त्याचे पुढे काय, हे घरी येऊन पाहण्यासाठी तो आहे, आणि त्याचे महत्त्व एका तारखेमुळे वाढले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे एका दिवसात भुईसपाट झाले. त्यामुळे पुण्याबद्दलच्या कोणत्याही पुस्तकाचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे. पुराच्या आधीचा लेखक नारायण किंवा शनिवार पेठेबद्दल लिहितो तेव्हा त्याच्यासमोर उभे असलेले शहर वेगळे आहे, आणि पुरानंतरचा लेखक बहुधा आठवणीवर किंवा ऐकिवावर लिहीत आहे.

अलीकडच्या मराठी पुस्तकांत म. श्री. दीक्षितांचे ‘असे होते पुणे’, अविनाश सोवनींचे ‘हरवलेले पुणे’ आणि प्र. के. घाणेकरांचे ‘मुठेकाठचे पुणे’ ही तीन मी सुचवतो. ती मार्गदर्शिका म्हणून वाचू नयेत. बाहेर पडण्याच्या आदल्या रात्री वाचावीत. तिन्ही एकाच दमात संपवली तर सगळे वाडे डोक्यात एकमेकांत मिसळतात.

या पुस्तकांच्या बरोबरीने एक इशारा देणे आवश्यक आहे. पुण्याच्या देवांना जी विनोदी नावे आहेत, म्हणजे पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, त्यांच्या व्युत्पत्ती प्रत्येक पुस्तकात मिळतात आणि वाचायला फार गोड लागतात. पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार भरे म्हणून पासोड्या विठोबा, हे पटण्यासारखे आहे. परंतु तीन पुस्तकांत तीच हकिकत त्याच शब्दांत आढळली तर ते तीन पुरावे झाले असे समजू नये. बहुधा एकाचे दोघांनी उतरवलेले असते. मी स्वतः या फंदात फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका देवळाच्या नावाची गोष्ट मी पुस्तकातून उचलून मोठ्या ऐटीत वीस माणसांना सांगत होतो. ओट्यावर वाती वळत बसलेल्या आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या सासूबाई निराळंच सांगायच्या.’ त्यांची गोष्ट तरी खरी कशावरून, हा प्रश्न उरतोच; तरीही त्या दिवसापासून मी दोन्ही गोष्टी सांगतो आणि कोणती कुठून आली तेही सांगतो. ‘असे सांगतात’ आणि ‘असे आहे’ यांत फरक करणारा लेखक निवडावा, ही माझी दुसरी कसोटी.

इतके सांगून झाल्यावर ही पुस्तके प्रत्यक्षात एकमेकांत कशी गुंफायची ते एका फेरीच्या आधारे दाखवतो, नाहीतर हे सगळे हवेत राहील. विषय घ्या हौदांचा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले. जमिनीखालून बांधीव नळ, आत माणूस उतरून सफाई करू शकेल एवढा, पाणी केवळ उतारावर वाहत येणारे, वाटेत हवेसाठी उच्छ्वास, आणि शहरात आल्यावर ठिकठिकाणी हौद. हे सगळे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आता आपण रोज तोंडाने घेतो ती नावे पाहा: काळा हौद, फडके हौद, पंच हौद, नाना हौद, साततोटी. माझ्या एका फेरीत कसब्यात वाढलेल्या एक बाई होत्या. साततोटी चौकीजवळ त्या मध्येच थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, ‘सात तोट्या! म्हणजे नळाच्या तोट्या!’ साठ वर्षे त्या हे नाव रिक्षावाल्याला सांगत आल्या होत्या.

या हौदांची यादी जुन्या वर्णनांत आणि गॅझेटियरमध्ये मिळते, त्यामुळे चालण्याचा आराखडा तयार होतो. परंतु नेमका महत्त्वाचा प्रश्न त्यांत नीट विचारलेला सापडत नाही, तो म्हणजे या हौदावर पाणी कोणाला भरता येत होते. ज्या १८६८ साली जोशींचे पुस्तक छापून निघाले त्याच साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते घर आज समता भूमी म्हणून जतन केलेले आहे. म्हणजे एकाच वर्षात एक माणूस शहराचे वर्णन करत होता आणि दुसरा त्याच शहरातल्या पाण्याचा नियम मोडत होता. हौदांच्या फेरीतच ते घरही एका सकाळी पायी होण्यासारखे आहे. पुढे बुधवारात फरासखान्याजवळ या. बाहुलीचा हौद तिथला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला. हे घोले म्हणजे ज्यांच्या नावाचा रस्ता आपण नदीपलीकडे रोज वापरतो तेच, आणि ते फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. एकदा हे कळले की घोले रस्ता पूर्वीसारखा ओलांडता येत नाही.

मग गुरुवारात पंच हौदापाशी जावे. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आपण दुरून हजार वेळा पाहिला असेल. १८९० साली या मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात पुढे ठेवलेला चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. या प्रकरणाची घरातली बाजू रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात वाचायला मिळते. चालण्यासाठीच्या पुस्तकांत मी आत्मचरित्रांना इतके वरचे स्थान का देतो ते यावरून ध्यानात यावे. मार्गदर्शिका मनोऱ्याची उंची सांगते. चहा प्यायल्यानंतर घरी काय झाले ते रमाबाई सांगतात. अशा रीतीने पाण्याचा एक धागा धरून चालले की पेशवे, फुले, घोले, मिशनरी आणि सुधारक ही सगळी मंडळी वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरात राहत होती हे पायांना कळते. पुस्तकात ती वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

आता ज्या पुस्तकांना कोणी पुस्तकच मानत नाही त्यांच्याबद्दल. गणेश मंडळांच्या शताब्दी आणि शतकोत्तर रौप्यमहोत्सवी स्मरणिका, शाळांचे आणि सहकारी बँकांचे अमृतमहोत्सवी अंक, जुन्या ग्रंथालयांचे शताब्दी ग्रंथ, आणि अर्थातच कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याचे छापील इतिहास. माझ्या मते पेठांवरचे सर्वांत बारीक लेखन यांतच पडलेले आहे. मंडळाच्या स्मरणिकेत अर्धी पाने जाहिरातींची असतात आणि संपादकीय वाचवत नाही, तरीही मधेच एखाद्या जुन्या कार्यकर्त्याने लिहिलेला ‘आमच्या चौकातील जुनी दुकाने’ अशा धर्तीचा लेख असतो, ज्यात कोणत्या वाड्याखाली कोणाचे किराणा दुकान, कोणाची पिठाची गिरणी, कुठे तालीम हे क्रमाने दिलेले असते. जाहिरातीही वाया जात नाहीत, कारण त्यांत त्या वर्षीचे पत्ते असतात. कुलवृत्तांतात ‘हे पुण्यास अमुक पेठेत अमुक वाड्यात राहत’ अशा नोंदी डोळ्यांखालून घातल्या की एखाद्या आळीची निम्मी घरे भरून निघतात. अशा वस्तू रद्दीच्या दुकानात, जुन्या पुस्तकांच्या पथारीवर किंवा कोणाच्या तरी माळ्यावर मिळतात. ओळखीत सांगून ठेवा; पुण्यात माळ्यावर काय नसते!

विकत घेणे शक्य नसेल त्यासाठी ग्रंथालये आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचे, आणि सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचे. जाताना ‘पुण्यावरचे काहीतरी द्या’ असे म्हणू नये, कारण मग पुन्हा शनिवारवाडाच हाती येतो. पेठेचे किंवा हौदाचे किंवा घराण्याचे नाव घेऊन जावे. नव्या-जुन्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच, परंतु तिथे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास जाऊ नये. पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत दुकानदाराला आपल्याशी बोलायला सवड नसते.

पुस्तकातला वाडा आजच्या रस्त्यावर ओळखणे ही खरी अडचण आहे, आणि तिच्यामुळेच बहुतेक लोक दुसऱ्या फेरीनंतर कंटाळतात. जुना लेखक ‘अमक्यांच्या वाड्याशेजारी’ असा पत्ता देतो, मधल्या काळातला घरक्रमांक देतो, आणि आज तिथे एका बिल्डरने ठेवलेल्या नावाची इमारत असते. इमारतीचे नाव नीट वाचा, कारण पुनर्विकासातही जुन्या मालकाचे आडनाव पुष्कळदा शिल्लक राहते. पाटीवर सिटी सर्व्हे नंबर असला तर तो टिपून घ्या. नगर भूमापनाच्या नकाशावर तो सापडतो आणि जागेची सीमा कळते. समोरच्या देवळाला विचारा, म्हणजे पुजाऱ्यांना. घरे बदलतात, देवळे सहसा हलत नाहीत. महापालिकेने नामवंतांच्या घरांवर लावलेले निळे फलकही उपयोगी आहेत, मात्र फलक वाचून पुढे जाण्याऐवजी तो ज्या भिंतीवर आहे ती भिंत त्या माणसाच्या काळातली आहे की नंतरची, हे पाहण्याची सवय लावावी.

पुस्तके शिळी होतात याचे ताजे उदाहरण बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याचे आहे. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा जिथे सुरू केली तो वाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. त्यापूर्वी छापलेली सगळी पुस्तके आपल्याला ‘मोडकळीस आलेला वाडा’ दाखवतात. मी माझ्या प्रतींत त्या पानावर पेन्सिलीने तारीख घातली आहे, आणि तेच आपणही करावे असे सुचवतो. पुस्तकात चूक सापडली किंवा काळ पुढे गेलेला दिसला की पान फाडू नये, खोडू नये. शेजारी तारीख आणि एक ओळ लिहावी. पाच-सहा वर्षांनी त्या समासातल्या ओळी छापील मजकुरापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. आपल्यानंतर ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल त्याला त्या पुरावा म्हणूनही उपयोगी पडतील.

मोबाईलवरच्या नकाशाबद्दल अनेकजण विचारतात. तो जरूर ठेवावा, पण पेठांत त्याचा भरवसा धरू नये. बोळ त्याला दिसत नाहीत आणि वाड्यातून वाड्यात निघणाऱ्या वाटा तर मुळीच दिसत नाहीत. पुस्तकात छापलेल्या वेळांवरही विसंबू नये. एका पुस्तकाने दीड तासाची म्हणून दिलेली फेरी आम्हाला साडेतीन तास पुरली होती, कारण लेखकाने बहुधा नकाशावर फूटपट्टी ठेवून वेळ काढला असावा. ओळखीच्या शहरात तर दर शंभर पावलांवर ओळखीचे कोणी भेटते, तो वेळ निराळाच. आणखी एक: वाडा कितीही जुना असला तरी ते कोणाचे तरी राहते घर आहे. दिंडी दरवाजा उघडा दिसला तरी आवाज द्यावा, आत बोलावले तरच जावे, आणि दोरीवरचे कपडे छायाचित्रात येत असतील तर कॅमेरा खाली घ्यावा.

आपण सुरुवात कुठून करावी, असे शेवटी विचाराल. सगळी पुस्तके गोळा होईपर्यंत थांबू नका. गॅझेटियरमधून एका पेठेची पाने छापून घ्या, घाणेकरांचे किंवा सोवनींचे एक पुस्तक आदल्या रात्री चाळा, आणि रविवारी सकाळी सातच्या आत फडके हौद चौकात या, कारण नऊनंतर रविवार पेठेकडची वाट हातगाड्यांनी भरते. तिथून नागझरी ओलांडून सोमवारात त्रिशुंडापर्यंत चाला. नागझरीवर थांबून खाली पाहा. आज तिचा नाला झाला आहे आणि वासामुळे लोक घाईने पुढे सरतात, परंतु जुन्या कसब्याची पूर्वेची हद्द तीच होती, आणि पलीकडच्या पेठा मागाहून वसत गेल्या. पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर ती नदीसारखी वाहताना दिसेल. परतताना साततोटीवरून कसबा गणपतीपाशी या, आणि घरी गेल्यावर त्या पानांच्या समासात पहिली ओळ लिहून ठेवा.